सुवाह्य उपकरणांतील घड्याळांचे कालविचलन : कारणे, परिणाम आणि नोंदीची शिस्त

प्रस्तावना

मनगटी घड्याळ, भ्रमणध्वनी, डिजिटल कॅमेरा, ध्वनिमुद्रक, रक्तशर्करा मोजणारे यंत्र, शेतात किंवा जंगलात महिनोन्महिने ठेवलेले तापमान-नोंदयंत्र अशा अनेक लहान उपकरणांत आज घड्याळ असते. यांपैकी बहुतेकांचा मुख्य हेतू वेळ दाखविणे हा नसतो. तरीही त्यांनी टिपलेल्या प्रत्येक छायाचित्रावर, मापनावर अथवा ध्वनिफितीवर दिनांक आणि वेळ यांचा शिक्का आपोआप उमटतो. हा शिक्का सेकंदापर्यंत लिहिलेला असल्यामुळे तो सेकंदापर्यंत खराही असावा, असा समज सहज होतो. वस्तुतः लिहिण्यातील सूक्ष्मता आणि मापनातील अचूकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अशा उपकरणांतील घड्याळे हळूहळू पुढे जातात किंवा मागे पडतात. या क्रियेला प्रस्तुत लेखात 'कालविचलन' असे म्हटले आहे. ते का घडते, त्याचे परिणाम कोठे गंभीर ठरतात आणि अध्यापन, संशोधन व प्रशासन यांत त्याविषयी कोणती दक्षता घेता येईल, याचे विवेचन येथे केले आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, घड्याळ चुकते हा मूळ दोष नव्हे. त्याची चूक किती आहे हे कोणी नोंदवून ठेवत नाही, हा खरा दोष होय.

फरक, चाल आणि अस्थिरता

'घड्याळ चुकीचे आहे' या एकाच विधानात तीन भिन्न गोष्टींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट म्हणजे फरक : या क्षणी घड्याळ प्रमाणवेळेच्या किती पुढे वा मागे आहे. दुसरी म्हणजे दैनिक चाल : हा फरक दररोज कितीने वाढतो. तिसरी म्हणजे अस्थिरता : ती चाल स्वतः किती बदलते.

माहीत असलेला फरक निरुपद्रवी असतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबई शहरात 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता. तो प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटांनी मागे असे. दोन्ही वेळा सांभाळताना गैरसोय होत असली, तरी त्या घड्याळांना चुकीची म्हणता येत नव्हते, कारण फरक निश्चित आणि सर्वज्ञात होता. माहीत असलेली चालदेखील तितकीच निरुपद्रवी असते. दररोज नेमके दोन सेकंद मागे पडणारे घड्याळ साध्या गुणाकाराने दुरुस्त करता येते. उलट आज दोन सेकंद पुढे, उद्या तीन सेकंद मागे, अशा घड्याळावर कोणतेही गणित चालत नाही. म्हणून घड्याळाची गुणवत्ता ठरविताना फरकापेक्षा चालीच्या स्थैर्याला अधिक महत्त्व द्यावे लागते.

स्फटिकाची स्पंदने

आजच्या बहुतेक सुवाह्य घड्याळांचे हृदय म्हणजे क्वार्ट्झचा, म्हणजेच गारगोटीच्या जातीचा, एक सूक्ष्म स्फटिक. अशा स्फटिकावर दाब दिला असता विद्युतभार निर्माण होतो, हा दाबविद्युत परिणाम झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला. याच्या उलट, स्फटिकाला विद्युतदाब दिला असता तो आकुंचन-प्रसरण पावतो. या गुणधर्मावर आधारलेले पहिले क्वार्ट्झ घड्याळ १९२७ मध्ये बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि त्यांचे सहकारी हॉर्टन यांनी तयार केले. ते मनगटावर यायला आणखी चार दशके लागली. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने 'ॲस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले.

प्रचलित घड्याळांतील स्फटिक स्वरयोजकाच्या, म्हणजे दोन भुजांच्या चिमट्यासारख्या, आकारात कापलेला असतो आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. इलेक्ट्रॉनिक मंडलाने कंपनांची संख्या एकापाठोपाठ पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. घड्याळ वेळ 'जाणत' नाही. ते केवळ कंपने मोजते. कंपने किंचित मंद झाली तरी मोजणी तशीच चालू राहते, आणि दिवसाचे ८६,४०० सेकंद पूर्ण व्हायला थोडा अधिक काळ लागतो.

ही घट-वाढ दशलक्षांशात सांगण्याची पद्धत आहे. वारंवारतेत दहा लाखांत एक भाग इतकी चूक असेल, तर घड्याळ दिवसाला सुमारे ०.०८६ सेकंद, म्हणजे वर्षाला सुमारे साडेएकतीस सेकंद चुकते. सर्वसाधारण स्फटिकाला कारखान्यातच २० दशलक्षांशांपर्यंत सूट दिलेली असते. याचा अर्थ असे घड्याळ दिवसाला पावणेदोन सेकंद आणि वर्षाला सुमारे साडेदहा मिनिटे पुढे किंवा मागे गेले, तरी त्यात काही बिघडले आहे असे म्हणता येत नाही. काही हजारांचे उपकरण आणि काही शेकड्यांचे मनगटी घड्याळ यांत याच प्रतीचा स्फटिक असू शकतो. उपकरणाची किंमत आणि त्यातील घड्याळाची अचूकता यांचा संबंध जोडणे म्हणूनच धोक्याचे आहे.

विचलनाची भौतिक कारणे

पहिले कारण तापमान हे होय. स्वरयोजकाच्या आकाराचा स्फटिक साधारणतः २५ अंश सेल्सिअस तापमानाला सर्वांत जलद कंप पावतो. तापमान त्यापेक्षा वाढो अथवा घटो, कंपने मंदावतातच, आणि ही मंदी तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सर्वसाधारणपणे फरकाच्या वर्गाला ०.०३५ ने गुणले की मंदीचे दशलक्षांश मिळतात. विदर्भातील उन्हाळ्यात उपकरणाचे तापमान ४५ अंशांवर स्थिर राहिले, असे मानू. फरक २० अंशांचा, त्याचा वर्ग ४००, म्हणून मंदी १४ दशलक्षांशांची. घड्याळ दिवसाला सुमारे १.२ सेकंद, महिन्याला ३६ सेकंद मागे पडेल. लडाखच्या हिवाळ्यात उणे १५ अंशांवर तेच घड्याळ दिवसाला जवळजवळ पाच सेकंद मागे पडेल. मनगटावर बांधलेले घड्याळ शरीराच्या उबेमुळे बऱ्याच अंशी समतापमानात राहते. तेच घड्याळ महिनाभर काढून ठेवले असता त्याची चाल बदललेली आढळते, त्याचे एक कारण हेच आहे.

दुसरे कारण स्फटिकाचे वय. नव्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म कण बसतात किंवा तेथून सुटतात, जोडणीतील ताण हळूहळू सैल होतात आणि वारंवारता सरकते. हा बदल पहिल्या वर्षात तुलनेने अधिक असतो. नंतर तो मंदावतो. तिसरे कारण स्फटिकाला जोडलेल्या मंडलाची विद्युतधारिता. स्फटिक ज्या धारितेसाठी कापलेला आहे तिच्यापेक्षा मंडलाची धारिता कमी भरली तर घड्याळ पुढे जाते, अधिक भरली तर मागे पडते. त्यामुळे एकाच प्रतीचा स्फटिक दोन निराळ्या उपकरणांत निराळ्या गतीने चालू शकतो.

या भौतिक कारणांचा परिणाम आपल्याकडील वन्यजीव-अभ्यासात स्पष्ट करता येतो. ताडोबा, मेळघाट यांसारख्या व्याघ्र प्रकल्पांत वाघांच्या गणनेसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेऱ्यांची जोडी लावतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरील पट्टे सारखे नसतात. म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे एकाच प्राण्याची आहेत, हे ठरविण्यास त्यांवरील वेळेचा मोठा आधार असतो. जोडीतील एक कॅमेरा २० दशलक्षांशांनी पुढे आणि दुसरा तितकाच मागे जाणारा असेल, तर महिन्याअखेर दोहोंत सुमारे १०४ सेकंदांचे अंतर पडते. वाघीण आणि तिची मोठी झालेली पिल्ले एकामागोमाग एक त्याच वाटेने गेली, तर एवढ्या अंतरात एकीचे डावे अंग दुसऱ्याच्या उजव्या अंगाशी जोडले जाणे अशक्य नाही.

वेळ हरवणे आणि मोजणीतील दोष

विचलन मंद असते. याहून निराळे, एकाएकी घडणारे दोषही आढळतात. घड्याळाला स्वतंत्र आधार देणारी छोटी बटन-बॅटरी संपली की मुख्य बॅटरी काढताच उपकरण आपल्या आरंभबिंदूवर परत जाते आणि १ जानेवारी २००० सारखा दिनांक दाखवू लागते. हा दोष ठळक असल्याने निदान लक्षात तरी येतो. बारा तासांच्या पद्धतीत सकाळ-संध्याकाळची अदलाबदल किंवा चुकीच्या कालक्षेत्राची निवड मात्र दीर्घकाळ लपून राहते. रक्तशर्करा मोजणाऱ्या यंत्रात बारा तासांची चूक झाली, तर उपाशीपोटी केलेले सकाळचे मापन संध्याकाळच्या नावावर जमा होते. यंत्रातील नोंदी पाहून इन्शुलिनची मात्रा ठरविणाऱ्या वैद्यकाच्या दृष्टीने ही चूक आकड्यातील चुकीइतकीच घातक ठरू शकते.

स्फटिक निर्दोष असूनही केवळ गणितामुळे वेळ चुकू शकते. जीपीएसच्या मूळ संकेतरचनेत आठवड्याचा क्रमांक दहा द्विमान अंकांत लिहिला जातो, त्यामुळे १,०२४ आठवड्यांनंतर तो पुन्हा शून्यावर येतो. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये असे घडले, आणि ज्या जुन्या ग्राहकयंत्रांत याची तरतूद नव्हती ती सुमारे साडेएकोणीस वर्षांपूर्वीचा दिनांक दाखवू लागली.

गणिती दोषाचे सर्वांत दुःखद उदाहरण आखाती युद्धातील आहे. अमेरिकेची पॅट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा मूलतः स्थलांतरक्षम होती. ती एका ठिकाणी काही तासच सलग चालवावी, अशी कल्पना होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत असे. एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत संपूर्णपणे लिहिता येत नाही, आणि २४ अंकांनंतर ती तोडल्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकी चूक साचत राही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथील यंत्रणा शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती. साचलेली चूक सेकंदाचा सुमारे एक तृतीयांश झाली होती. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या स्कड क्षेपणास्त्राच्या बाबतीत याचा अर्थ पाचशे मीटरहून अधिक अंतर. यंत्रणेने आकाशाच्या चुकीच्या भागात शोध घेतला आणि छावणीवर पडलेल्या क्षेपणास्त्राने २८ सैनिकांचा बळी घेतला. दीर्घकाळ चालविल्यास लक्ष्यशोधात चूक येते, ही गोष्ट दोन आठवड्यांपूर्वीच कळविण्यात आली होती. ठरावीक काळाने यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती, तर चूक शून्यावर आली असती. परंतु 'दीर्घकाळ' म्हणजे किती तास, हे वापरणाऱ्यांना सांगितले गेले नव्हते. सुधारित आज्ञावली धहरानला पोहोचली ती २६ फेब्रुवारी रोजी.

समुद्रावरील कालमापकांचा धडा

चुकणाऱ्या घड्याळाचा विश्वासाने उपयोग कसा करावा, याचे उत्तर अठराव्या शतकातील नाविकांनी शोधले होते. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणून मूळ बंदराची वेळ आणि जहाजावरील स्थानिक वेळ यांतील फरकावरून रेखांश काढता येतो. वेळेत एक सेकंदाची चूक झाली, तर विषुववृत्तावर सुमारे ४६० मीटरची चूक होते. जहाजावर नेण्याजोगे भरवशाचे घड्याळ नसल्याने ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ मध्ये रेखांश ठरविण्याच्या व्यवहार्य पद्धतीसाठी वीस हजार पौंडांपर्यंतचे पारितोषिक घोषित केले.

जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने घडविलेले चौथे कालमापक १७६१ च्या नोव्हेंबरात जमैकाकडे निघाले आणि जानेवारी १७६२ मध्ये तेथे तपासले गेले. सुमारे एक्याऐंशी दिवसांत त्याची चूक अवघी पाच सेकंद भरली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. मात्र तिचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. ते घड्याळ दररोज सुमारे पावणेतीन सेकंद मागे पडत असे. पाच सेकंदांचा आकडा ही दैनिक चाल हिशेबात घेतल्यानंतरचा आहे. हॅरिसनचे यश घड्याळ मुळीच न चुकण्यात नव्हते. समुद्राची हालचाल आणि हवामानातील बदल सोसूनही ते एकसारखे चुकत राहिले, यात होते.

पुढे नौकानयनात हीच शिस्त रूढ झाली. कालमापकाचे काटे वारंवार हलवीत नसत. बंदरात खात्रीच्या वेळेशी तुलना करून फरक आणि दैनिक चाल वहीत लिहीत, आणि समुद्रावर त्यांच्या आधारे वेळ दुरुस्त करून घेत. १८३१ मध्ये निघालेल्या 'बीगल' जहाजावर तर बावीस कालमापके होती. एकाची चाल बिघडली, तर ती इतरांशी केलेल्या तुलनेत उघडी पडावी, हा त्यामागील हेतू.

समक्रमण आणि त्याच्या मर्यादा

आजचा भ्रमणध्वनी बहुधा बिनचूक वेळ दाखवितो, याचे श्रेय त्यातील स्फटिकाला नव्हे, तर वारंवार होणाऱ्या समक्रमणाला आहे. मोबाइल जाळ्याकडून, उपग्रहांकडून किंवा इंटरनेटवरून तो वेळ मागून घेतो. इंटरनेटवरील समक्रमणासाठी डेव्हिड मिल्स यांनी विकसित केलेली नेटवर्क टाइम प्रोटोकॉल ही पद्धती १९८५ पासून वापरात आहे. विचारणा निघाल्याची आणि उत्तर मिळाल्याची वेळ उपकरण टिपून ठेवते. सेवकसंगणक स्वतःच्या दोन वेळा कळवितो. जाण्यास आणि येण्यास सारखाच काळ लागला, असे गृहीत धरून फरक काढला जातो. हे गृहीतक जितके चुकेल, तितकी वेळही चुकेल.

या पद्धतीतील दोन गोष्टी नाविकांच्या शिस्तीची आठवण करून देतात. संगणक आपल्या घड्याळाची चाल किती चुकते याचा अंदाज जतन करून ठेवू शकतो आणि संपर्क तुटला तरी त्या आधारे दुरुस्ती चालू ठेवतो. शिवाय लहान फरक असल्यास घड्याळ एकदम मागे ओढले जात नाही. त्याची गती किंचित कमी करून प्रमाणवेळेला त्याला गाठू दिले जाते. घड्याळ अचानक मागे केल्यास तोच क्षण नोंदीत दोनदा येतो आणि कारण कोणते व परिणाम कोणता, याचा क्रमच उलटू शकतो.

भारतीय प्रमाणवेळेची जबाबदारी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० दोलनांवर आधारलेली असून, या प्रयोगशाळेची वेळ आण्विक घड्याळांवर राखली जाते. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे 'सर्ट-इन' या शासकीय यंत्रणेने सेवापुरवठादार, कंपन्या आणि शासकीय संस्था यांना आपली संगणकप्रणाली राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या अथवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या कालसेवेशी जोडण्यास सांगितले. मात्र जे कॅमेरे, नोंदयंत्रे आणि ध्वनिमुद्रक कोणत्याही जाळ्याला जोडलेलेच नाहीत, त्यांच्यापर्यंत असे समक्रमण पोहोचत नाही. त्यांच्यासाठी जुनी वहीच उपयोगी पडते.

पुरावा आणि मतदान

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात धारिकेचे 'हॅश' मूल्य नमूद करतात. धारिका नंतर बदललेली नाही, एवढे या मूल्याने सिद्ध होते. चित्रण झाले तेव्हा कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर होते की नाही, हे त्यावरून कळत नाही. दहा मिनिटे मागे पडलेल्या कॅमेऱ्याचे चित्रण तंतोतंत जतन केले, तर ती दहा मिनिटांची चूकही तंतोतंत जतन होते. एखादी व्यक्ती घटनेच्या वेळी तेथे होती की नव्हती, असा प्रश्न उभा राहिला असता एवढे अंतर निर्णायक ठरू शकते. म्हणून चित्रण ताब्यात घेतेवेळीच यंत्राची वेळ आणि प्रमाणवेळ शेजारी शेजारी लिहून ठेवणे अगत्याचे आहे.

मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलेल्या अध्यापकांना याचा नमुना परिचित असेल. इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्रात दाबलेल्या कळीची दिनांक-वेळेसह नोंद होते. अभिरूप मतदानाच्या वेळी केंद्राध्यक्षाने नियंत्रण युनिटवर दिसणारी वेळ पाहून, प्रत्यक्ष वेळेशी फरक असल्यास दोन्ही वेळा नमूद करावयाच्या असतात. घड्याळ दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला नाही. फरक लिहिण्याचे कर्तव्य आहे. वरकरणी क्षुल्लक वाटणारा तो रकाना भरला असेल, तर पुढे उद्भवणाऱ्या शंकेचे निरसन साध्या वजाबाकीने होते. तो कोरा राहिला, तर त्याच शंकेला उत्तर उरत नाही.

महाविद्यालयीन कामासाठी कार्यपद्धती

क्षेत्राभ्यास, प्रयोगशाळा आणि कार्यालय यांत पुढील पद्धत विनाखर्च अवलंबिता येईल. उपकरण कामास लावण्यापूर्वी समक्रमित घड्याळ आणि उपकरणाचे घड्याळ यांतील फरक सेकंदापर्यंत लिहावा. अभ्यासकाळात उपकरणाची वेळ बदलू नये. अखेरीस तीच तुलना पुन्हा करावी. समजा, आरंभी नोंदयंत्र १२ सेकंद पुढे होते आणि ३० दिवसांनंतर ४८ सेकंद पुढे आढळले. ३६ सेकंदांची वाढ ३० दिवसांत झाली, म्हणून दैनिक चाल १.२ सेकंद पुढे. विसाव्या दिवशीच्या नोंदीत १२ अधिक २४, असे ३६ सेकंद वजा केले की खरी वेळ मिळते. तापमानात मोठे चढउतार होणार असतील, तर मधूनही एक-दोन तुलना घ्याव्यात. कारण चाल सर्वकाळ सारखी राहिली, हे या गणिताचे गृहीतक आहे.

कॅमेऱ्याच्या बाबतीत याहून सोपा उपाय आहे. प्रत्येक फेरीच्या आरंभी आणि शेवटी भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या सेकंदासह वेळेचे छायाचित्र त्याच कॅमेऱ्याने घ्यावे. चित्रात प्रमाणवेळ दिसते आणि धारिकेत कॅमेऱ्याची वेळ नोंदली जाते. फरक आपोआप जतन होतो. ज्या प्रयोगात अधिक अचूकता हवी, तेथे तापमानानुसार स्वतःची चाल सुधारणारे स्फटिक-दोलक असलेले उपकरण घ्यावे. अशा दोलकाची चूक दोन दशलक्षांशांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे एक मिनिट इतकी मर्यादित ठेवता येते. उपस्थिती नोंदविणाऱ्या यंत्रांच्या वेळेची मासिक तपासणी करून ती नोंदवहीत स्वाक्षरीनिशी लिहावी. एखाद्या कर्मचाऱ्याच्या उशिराचा प्रश्न उपस्थित झाल्यास यंत्राची बाजूही तपासता आली पाहिजे.

समारोप

सुवाह्य उपकरणांतील घड्याळांचे विचलन हा स्फटिक, तापमान, वय आणि गणनपद्धती यांचा स्वाभाविक परिणाम आहे. ते कमी करता येते, संपूर्ण टाळता येत नाही. हॅरिसनचे कालमापक, इंटरनेटवरील समक्रमण आणि मतदान केंद्रावरील तो छोटासा रकाना यांतून एकच तत्त्व दिसते : फरक आणि चाल लिहून ठेवल्यास चुकणारे घड्याळही विश्वासार्ह साक्षीदार ठरते. धहरानला चूक माहीत होती, पण ती किती तासांत किती वाढते, हे ज्यांना माहीत असायला हवे होते त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. विद्यार्थ्यांना क्षेत्राभ्यासास पाठविताना मापनपट्टी आणि वही यांबरोबरच घड्याळाचा फरक लिहिण्याची सवय लावली, तर त्यांनी आणलेल्या नोंदी पुढील अभ्यासकाला वर्षांनंतरही तपासून वापरता येतील.